जांभळी बरणी

हांगझोउ, १२ ऑक्टोबर

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

हातातला पेला खाली ठेवा आणि बातमी ऐका! तुमच्या लौसाहेबांच्या कापडरंगाच्या कंपनीने मला स्वतंत्र संचालक नेमलंय. कॉलेजात हिशेब शिकवणारी मी, पण कंपनी शेअरबाजारात आहे, त्यामुळे संचालक मंडळात बाहेरची माणसं घ्यावीच लागतात. माझे विद्यार्थी म्हणतात, अशांना फुलदाणी म्हणतात. दिसायला छान, बोलायला मुकी.

पहिल्याच बैठकीत विषय आहे सामाजिक जबाबदारीचा. लौसाहेबांना गावासाठी संगमरवरी कमान बांधायचीय. सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र मात्र 'पुढे बघू'. कंपनीचं पाणी सुटतं तो तुमच्या दारूभट्टीमागचा ओढा कसा आहे? खरं लिहा.

लोभ आहेच, तो वाढावा, आणि रागावणं कमी व्हावं.
आपली शूयुन

शाओशिंग, १८ ऑक्टोबर

चि. शूयुन हिस अनेक आशीर्वाद.

संचालक झालीस, नवरा काही मिळवला नाहीस! तुझ्या जन्माला पुरलेली दारूची बरणी अंगणात तशीच आहे. लग्नात काढायची म्हणून थांबलोय, आणि तुझे केस पिकायला लागले.

ओढा काल हिरवा होता, आज जांभळा. थंडी पडली की दारूसाठी तांदूळ भिजवायचा, पण या पाण्यात कसा भिजवू? यंदा भट्टी पेटली नाही तर आजोबांपासूनचा धंदा बुडाला समज. फार जीव तुटतो गं.

लौ माझा लहानपणचा सवंगडी, त्याच्या खोडी मला ठाऊक. बैठक नावाचीच असते. आदल्या दिवशीच्या जेवणात तो पेला उचलतो, सगळ्यांनी रिकामा केला की ठराव झाला. दारू माझ्याकडचीच असते. यंदाही बरणी मागवलीये, पाठवतोय. तू पिण्याआधी वास घे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मामा

हांगझोउ, २ नोव्हेंबर

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

अहो, काय केलंत हे! मातीचं झाकण, वर लाल कापड, सगळं नेहमीसारखं. लौसाहेबांनी थाटात झाकण फोडलं, पेले भरले, आणि आत जांभळं पाणी! कुजवलेला टोफू चवीने खाणारे लोक नाकाला रुमाल लावून बसले. लौसाहेबांनी रंग लगेच ओळखला. या हंगामात त्यांचं त्याच रंगाचं कापड खपतंय. एकही पेला रिकामा झाला नाही, म्हणजे ठरावही नाही!

सकाळी बैठकीत खरोखर बोलावं लागलं. मी उभी राहून कमानीला नाही म्हटलं. स्वतंत्र संचालकाचा विरोध कारणांसकट जाहीर करायचा नियम आहे, याचीही आठवण दिली. लौसाहेबांनी विचारलं, फुलदाणीला तोंड कधी फुटलं? मी म्हटलं, तिच्यात पाणी कुठलं घालता त्यावर आहे. बाहेरून आलेल्या बाकीच्या दोन फुलदाण्यांनीही माझ्या बाजूने हात वर केले! लौसाहेबांना पैशापेक्षा अब्रू मोठी. कमान रद्द, यंत्र मंजूर, आणि ते चालू होईपर्यंत ओढ्यात थेंबही सोडायचा नाही. मामा, मी वर्गात जाऊन नाचले!

आशीर्वाद असाच राहू द्यावा.
आपली फुलदाणी

शाओशिंग, ५ डिसेंबर

चि. शूयुन हिस अनेक आशीर्वाद.

ओढ्याचा तळ दिसतोय. तांदूळ भिजत घातलाय, भट्टी पेटली!

काल लौ आला. आधी मनसोक्त शिव्या दिल्या, मग हळूच विचारलं, खरी दारू आहे का? जुनी अशी एकच बरणी उरली होती. पोरी, रागावू नकोस, अंगण खणलं. लग्नात दुसरं काही देईन.

पेला लौनेच उचलला, तुझ्या 'नाही'च्या नावाने. आम्ही दोघांनी तो रिकामा केला. आता तुला ठाऊकच आहे, ठराव झाला.

तुझाच,
मामा