भरल्या ताटावरून

मूर्तिजापूर,
बुधवार, २२ जानेवारी २०२५

ती. दादास,
शकुनचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. तू कसा आहेस ते विचारत नाही, कारण रविवारी मी तुला डोळ्यांनी पाहिलं. थोडा वाळलास. चाल मात्र तीच, चप्पल घासत. मोतीबिंदूचा काळा चष्मा आणि कानाला मफलर लावला म्हणजे बहिणीला भाऊ ओळखू येत नाही, हे तुला कोणी सांगितलं?

फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. आकांक्षाच्या लग्नाची पत्रिका मिळाली असेलच. सोळा फेब्रुवारी, इथंच वावरात. तुझं काही उत्तर आलं नाही. नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं आणि तिचा मामा एकच आहे. आपला चुलतभाऊ मामा म्हणून उभा राहायला तयार आहे. त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही.

आता रविवारचं सांगते. तुमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची सहल आमच्या वावरात आणणाऱ्या नत्थुजींनी यादी शुक्रवारीच पाठवली होती. बत्तीस नावं, त्यात सव्विसावं तुझं. घरात मी कोणाला बोलले नाही, रोडग्यांची कणीक तेवढी जास्त मळली. पण गाडीतून तू उतरलास आणि नितेश धावत स्वयंपाकघरात आला.

"आई, मामा आले. काय करू?"

"काही करू नको. बाकीच्याईले सांगतं तेच त्याईलेबी सांग."

पोरगं तुमच्यापुढं रोजचंच बोललं. गोबरगॅस, गांडूळखत, कपाशीत तूर आणि तुरीत ज्वारी काहून लावतो ते. अकोल्याची माणसं गांडुळांचे फोटो काढतात, मला आता त्याची सवय झाली आहे. विहिरीपाशी तो म्हणाला, ही आमच्या आजोबांनी त्रेसष्ट साली खोदली. मागून कोणीतरी म्हणालं, "बासष्ट." आणि मग खोकला आल्याचं सोंग केलं. मी चुलीपाशी होते, तरी ऐकलं. आम्ही दोघी-तिघी हसलो.

नंतर सगळे शेततळं पाहायला गेले आणि तू एकटा धुऱ्यावर, बांधापाशी थांबलास. पलीकडे तुझ्या वाट्याचं वावर होतं, आता तिथं प्लॉटचे खांब आहेत. त्यावर मी काही म्हणत नाही. तुला काही म्हणायचं तोंड मला नाही. का नाही, ते लिहायलाच बसले आहे आणि इकडचं तिकडचं सांगत बसले.

अकरा वर्षांपूर्वी मी हक्कसोड पत्रावर सही केली नाही. बाबांचं चार एकर माझ्या नावावर आलं आणि तू तहसीलच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत म्हणालास, "आजपासून तुह्या घरचा घास मले हराम." तू शब्दाचा पक्का. आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती, तेव्हा तू दर महिन्याला यायचास, अंगणातल्या खाटेवर तिच्याजवळ बसायचास आणि पाणीही न पिता परत जायचास. तू गेलास की आई चहाचा भरलेला कप माझ्याकडे सरकवायची. सहीचं मला आजही वाईट वाटत नाही, ते माझं होतं. पण त्या कपाचा राग माझ्या पोटात साचत गेला.

मग आईची तेरवी आली. साऱ्या नात्यात असं बोललं जातं की देवीदास आईच्या तेरवीलाही न जेवता गेला. सहा वर्षं बोलतात. खरं काय ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तू पंगतीत बसला होतास. शेवटच्या पानावर, वहिनीच्या शेजारची जागा सोडून, मुकाट्यानं. शपथ मोडायलाच आला होतास. मी वरणाची बादली घेऊन तुझ्यासमोर आले आणि म्हणाले, "काहून दादा, फिटली वाटते शपथ?"

तू वर पाहिलं नाहीस. ताटाला हात लावून नमस्कार केलास आणि उठलास. शेजारी तानुबाई काकू होती, तिला ऐकू येत नाही. त्यामुळे माझं बोलणं कोणाला कळलंच नाही. तुझं उठणं मात्र साऱ्या गावानं पाहिलं. लोक तुला नावं ठेवायचे तेव्हा मी मान डोलवायचे. एकदाही म्हणाले नाही की त्याला मी उठवलं. तूही कधी कोणाला सांगितलं नाहीस. दादा, मला याची फार लाज वाटते. आईच्या नावाच्या ताटावरून मी तिच्याच लेकाला उठवलं.

रविवारी तू का आलास ते मला कळतं. पैसे देऊन जेवलं की ते हॉटेल, बहिणीचं घर नाही, म्हणजे शपथ शाबूत. वकील व्हायला पाहिजे होतास. पण भावाच्या जेवणाचे पैसे घ्यायला माझा हात होईना. तुझ्या पानाचे पैसे नत्थुजींकडून मी वेगळे करून घेतले आणि ते या पाकिटात घातले आहेत. म्हणजे तू बहिणीच्या घरीच जेवलास. चिडलास तर चीड, पण रोडगे आता पोटात गेले.

तीन रोडगे खाल्लेस. ओल्या तुरीच्या सोले-वांग्याची भाजी दोनदा घेतलीस. वाढायला मी आले नाही, मुलींनाच पाठवलं. खिडकीच्या जाळीतून बघत होते. तुला वाटलं असेल, शकुनला माहीतच नाही, किंवा माहीत असून तोऱ्यात आत बसली आहे. तसं काही नव्हतं. मला माझ्या तोंडाची भीती वाटली. तुझं जेवण होईपर्यंत मी पदर दातात धरून उभी होते.

परवा मी नात्यातल्या सगळ्यांना फोन करून तेरवीचं खरं सांगून टाकलं. दोघी-तिघींनी माझ्याशी बोलणं सोडलं आहे. ते बरोबरच आहे, त्यांच्या लग्नाला येण्या-न येण्याचं मी बघून घेईन. तू मात्र ये. पोरीला बोहल्यावर आण. आणि मग पंगतीत बस. त्या वेळी वाढायला मीच येईन, काही न बोलता वाढीन. तू पोटभर जेव आणि मग ऊठ.

तुला ताटावरून उठवणारी तुझी बहीण,
शकुन