चुना न लावलेली झाडे

हेलसिंकी, १२ ऑक्टोबर

सौ. धुरपतास, आशीर्वाद.

इथल्या चित्रकलेच्या वर्गाच्या प्रदर्शनातून माझे चित्र वगळणे हा अन्याय होता, हे या पत्रात सिद्ध करतो. मी पानगळीतली पिवळी बर्चझाडे रंगवली. बुंधे छातीपर्यंत पांढरे, त्यावर पानांआड तपकिरी. शिक्षिका म्हणाल्या, "वरही पांढरेच हवे." मी सांगितले, चुना छातीपर्यंतच लावतात, आमच्या भंडारा रस्त्यावर हीच रीत आहे. त्या केवळ हसल्या. हसणे हे खंडन नव्हे.

तुझे गुडघे कसे आहेत? मी ठणठणीत आहे.

इतके वाचून आपली रुपा म्हणाली, "बाबा, कायले भांडून राहिले? झाडाले हात तर लावून पाहा."

खाली जाऊन आलो. बोटाला चुना लागला नाही. साल मुळातच पांढरी आहे, शेंड्यापर्यंत.

न तपासता गृहीत धरले, ही माझी चूक. उद्या शिक्षिकेसमोर हेच म्हणायचे आहे. आधी तुझ्यापाशी म्हणून पाहिले.

भय्याजी