जोडीतलं दुसरं बदक

३ सप्टेंबर
रुईफांगताईचं लग्न १ ऑक्टोबरला. आमच्याकडे जोडपं कायम एकत्र राहावं म्हणून लग्नात भिंतीवर बदकांच्या जोडीचं चित्र हवंच. ते बाजारातून आणायचं नाही, मी शाईने रंगवणार. ताई आठ वर्षं मोज्यांच्या कारखान्यात राबली, म्हणून मी घरातली पहिली पदवीधर. तेही कलेच्या इतिहासात. ताई म्हणाली, "दे गं, पण वेळेवर दे."

६ सप्टेंबर, पहाटे
बदक काढण्याआधी बदक व्हावं लागतं. बाबांच्या तळ्यावर दोन तास बसले. बाराशे बदकं, पण एकालाही चित्रात येण्याची ओढ नाही. सर्दी झाली.

११ सप्टेंबर
पहिलं बदक. कागद शाई जरा जास्तच प्यायला. पोट पसरलं. त्याचा खडक केला. खडक सुरेख.

१४ सप्टेंबर
आणखी चार खडक.

१५ सप्टेंबर
बाबांनी आजचं बदक पाहिलं. म्हणाले, "आजारी दिसतंय. आजच विकून टाक, उद्यापर्यंत टिकायचं नाही." बाबांना बदकं कळतात, रेषा नाही. तसं समजावलं. ते अर्ध्यात उठून दाणे टाकायला गेले.

२२ सप्टेंबर
सहीचा शिक्का कोरून घेतला: 'कमळतळ्याची एकांतवासिनी'. तळहाताएवढा. चित्र बाकी आहे, पण निम्मं काम झालं.

२८ सप्टेंबर
एक बदक जमलं! दुसऱ्याचा खडक झाला. हा शेवटचा कागद. मग उमगलं: रिकामी जागा हाच आपल्या चित्रांचा प्राण. दुसरं बदक बघणाऱ्याने मनात बघावं. मूळ प्लॅन हाच होता. शिक्का मारला.

२९ सप्टेंबर
आई म्हणाली, "लग्नात एकटं बदक? लोक विचारतील, नवरा कुठे गेला?" म्हटलं, तो रिकाम्या जागेत आहे. "मग तिथेच राहू दे त्याला," म्हणाली.

१ ऑक्टोबर
चित्र लागलं. नवऱ्यामुलाची आजी समोर येऊन थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "हिचा जोडीदार मेला की काय?" ताईकडे बघवेना.

पाहुण्यांच्या सह्यांसाठी ठेवलेला कुंचला ताईने उचलला. लाल बाही मागे सारली. सहा फटकारे. बदक! मान वळवून माझ्या बदकाकडे बघणारं. शाळा सोडून ताईने तीन वर्षं बाबांची बदकं राखली होती. विसरलेच होते.

आजी खूश. म्हणाली, "हा हिच्याकडे बघतोय खरा, पण ही त्या खडकाकडे काय बघतेय?"

ताई म्हणाली, "शिकलेली आहे, आजी. तिला जरा वेळ लागतो."

२ ऑक्टोबर
ताई चित्र घेऊन गेली. निघताना तिला म्हटलं, तूही सही कर. कुंचला घेऊन ती कोपऱ्याशी वाकली, मग ठेवून दिला. माझ्या शिक्क्याने जागाच सोडली नव्हती.