खिडक्या बंद ठेवून दिलेला रंग

७ डिसेंबर
लिही, जोसॅन. पहिली ओळ माझी मलाच: म्हातारे, कपाळावरचा चष्मा घरभर शोधतेस, तसं हेही विसरशील. म्हणून सुनेकडून लिहून घेतेयस. विसरलीस की तिच्याकडूनच वाचून घे.

नाताळला घर नवं दिसलंच पाहिजे. तीस वर्षं कुथबर्ट रंगारी येतो. खिडक्यांच्या चौकटी, खुर्च्या, सगळं ब्रशनं. आठ दिवस घालवतो. यंदा त्याला नको म्हटलं. जावयानं राजधानीतून, पोर्ट ऑफ स्पेनहून, रंगाचं स्प्रे मशीन पाठवलंय. एका दुपारचं काम.

कुथबर्ट म्हणे, मावशी, मशीन चालवायचं तर आधी सगळं झाकून घ्यावं लागतं. जळतोय मेला.

१३ डिसेंबर, दुपार
नवा रंग नाताळच्या आधी कुणाला दिसू द्यायचा नाही, ही आमच्या गल्लीची रीत. शेजारची व्हर्ना तर टपूनच असते. खिडक्या बंद. काचांना वर्तमानपत्रं. बाकी काही झाकलं नाही. मशीन रोखू तिथंच मारणार ना!

१३ डिसेंबर, संध्याकाळ
झकास. पुदिन्यासारखा हिरवा. घरात थोडं धुकं झालं, एवढंच. चौकटींवर ओघळ आलेत, पण नक्षीसारखे दिसतात. खुर्च्या, जमीन, आरसा, येशूची तसबीर, सगळीकडे बारीक ठिपके. वाळले की उडतील. या गडबडीत नाताळच्या दोन काळ्या केकांपैकी, रममध्ये मुरवलेल्या मनुकांच्या, एक करपला. दोष ओव्हनचा.

जोसॅन लिहिताना हसतेय. विचारलं तर म्हणे, काही नाही.

१४ डिसेंबर
उडाले नाहीत.

धुकं भिंतीच्या वरच्या जाळीतून बाहेर गेलं म्हणे. व्हर्नाचे नाताळचे पांढरेशुभ्र पडदे दोरीवर होते. आता हिरवे आहेत. कंबरेवर हात ठेवून कुंपणाशी आली: कुणी केला हा उद्योग? मी डोक्याचा रुमाल घट्ट केला आणि म्हणाले, कुथबर्ट कुठंतरी रंगवत होता बाई.

खोटं कुठं आहे? तो नेहमीच कुठंतरी रंगवत असतो.

२१ डिसेंबर
चर्चच्या दारात व्हर्नानं कुथबर्टला सगळ्यांदेखत झाडलं. तीस वर्षांत त्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. टोपी हातात घेऊन उभा राहिला. माझ्या हॅटखालून निसटलेल्या बटेकडे बघत म्हणाला, झालं असेल माझ्याच हातून.

मी बट हॅटखाली खोचली आणि पायऱ्या उतरले.

घरी जोसॅननं आरसा घासून समोर धरला. पुढचे सगळे पांढरे केस हिरवे! आठ दिवस सांगितलं का नाहीस, म्हटलं. म्हणे, आई, तुम्हीच म्हणालात, वाळलं की उडेल.

जेवले नाही.

२४ डिसेंबर
व्हर्नाकडे जाऊन सांगितलं, ते मी केलं. ती म्हणाली, माझ्यापुढं काय रडतेस? मी त्याला जिथं बोलले, तिथं जाऊन सांग.

गेले. सकाळची प्रार्थना सुटताना, चर्चच्या दारात, रुमाल न बांधता. सगळ्यांदेखत म्हणाले, रंग माझा, खोटंही माझं.

कुथबर्टनं केस निरखले. म्हणाला, मावशी, दुसरा हात मारायचा का?

अख्खं चर्च हसलं. मला नाही हसता आलं.

आता तो गुडघ्यांवर बसून माझे ओघळ घासतोय. शेजारी ब्रश. खिडक्या सताड उघड्या आहेत, गल्ली बघतेय. बघू दे.

जोसॅन, चांगला केक अख्खा त्याच्या घरी पाठव, सोबत आल्याच्या सरबताची बाटली. हॅमचा मधला तुकडा व्हर्नाकडे. करपलेला केक इकडे आण. तो माझा.