रेखांश राहिले

अंधेरी, ४ नोव्हें. १९५७
सकाळी ड्युटीआधी वर्सोव्याला सदाच्या घरी गेलो. काल मुलगा झाला. कुसुमवहिनी आतूनच म्हणाल्या, "भाऊजी, आज बोट बोलेल तेव्हा यांना आधी हेच सांगा."
सदा बोटीवर वायरलेस सांभाळतो, मी इथे किनाऱ्यावरच्या स्टेशनात. रोज साडेअकराला गाठ पडते. म्हटलं, आधी हेच.

तोच दिवस, दुपार
साडेअकराला सेटवर सदा आला, पण फार क्षीण. काहीतरी पाठवायला लागला, मीच थांबवलं. मुलगा झाला, दोघं सुखरूप. पोचलं नसेल म्हणून पुन्हा पाठवलं. पुन्हा एकदा. मग त्याचं सुरू झालं. इंजिन बंद, खालून पाणी शिरतंय, ठिकाण... अक्षांश आले. रेखांशाचा पहिला आकडाही नाही, आणि सगळं गप्प. एडन नाही, कोलंबो नाही. खरखरसुद्धा नाही. सेट गेला वाटलं, दुसरा लावला. तोही मुका.
सव्वा वाजता बाकीची सगळी स्टेशनं पुन्हा ऐकू आली. सदा नाही.

५ नोव्हें.
स्टेशनचे साहेब म्हणतात, सूर्यावर भडका उडाला असणार. यंदा डाग फार आहेत. असं झालं की दिवसाउजेडी वरची हवा आपल्या लहरी गिळून टाकते.
मग कालच्या नोंदींचा लॉग बघून, "चार मिनिटं संपर्क होता. त्यात एवढंच?"
"सिग्नल क्षीण होता. नुसत्या हाका मारत होतो."
लॉगातही तसंच लिहिलंय. मीच.

७ नोव्हें.
विमान त्या अक्षांशावरून जाऊन आलं. काही नाही. नुसत्या अक्षांशावर काय शोधणार? अख्खा अरबी समुद्र आडवा पडलाय.

८ नोव्हें.
वर्सोवा. सदाच्या आईने हात धरला. "माझो झील खंय आसा रे? तुका ठावक आसतलाच."
शोध चालू आहे, म्हटलं.
वहिनींनी एवढंच विचारलं, "निरोप पोचला ना?"
हो म्हटलं. खरं तर त्याने 'मिळाला' असं कळवलंच नाही. सरळ इंजिन बंद.

१२ नोव्हें.
दक्षिणेतल्या वेधशाळेची तार आली. भडक्याची वेळ आमच्या वेळेशी जुळते. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "सुटलास. सूर्यापुढे कोणाचं काय चालणार?"
भडका खरा. पण ती चार मिनिटं भडक्याच्या आधीची.

१५ नोव्हें.
शोध थांबवला. बोट कंपनीचं पत्र वहिनींना दोन दिवसांत जाईल.
सांगायला हवं. पण सांगितलं तर त्या जन्मभर म्हणतील, आधी सांगा असं मीच म्हटलं होतं. नाही सांगितलं तर

१९ नोव्हें.
शेवटी गेलो. ठरवून गेलो होतो. पत्र फळीवर होतं, फोडलेलं. म्हातारी समुद्राकडे पाठ करून बसली होती.
वहिनी म्हणाल्या, "बारावा दिवस टळला. सासूबाई म्हणतात नाव ठेवून टाकू. मी म्हटलं, यांना येऊ दे. तुम्ही सांगा भाऊजी, किती दिवस थांबू?"
तोंड उघडलं. तेवढ्यात पोर रडायला लागलं, त्या आत गेल्या.
बराच वेळ ओट्यावर बसून होतो. त्या बाहेर आल्या नाहीत. मीही हाक मारली नाही.