मागच्या उतारावरच्या तांबड्या चिंध्या

ता. ५ जानेवारी

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. सगळं पुरं लिहीत बसले तर कागद तिथंच संपायचा, तेव्हा तूच समजून घे. मी खुशाल. गुडघा सोडून बाकी सगळी खुशाल.

तुझं पत्र मी शेजारच्या सुताराला वाचून दाखवलं. त्याला वाचता येतं, तरी मीच दाखवलं. म्हटलं, आमची नात वणवा राखायला मनोऱ्यावर बसते, चाळीस पायऱ्या वर, गळ्यात दुर्बीण. तर मेला म्हणतो कसा, आजी, वणवा नाही राखत, वणव्यापासून रान राखतात. म्हटलं, तू आपला रंधा ओढ. मी शाळेत दोनच वर्षं गेले, त्यातलं एक गोवरात गेलं, आणि माझी नात वायरलेसवर बोलते! आनंद छातीत मावत नाही बघ. पण खरं सांगू का, धाकधूकही होते. दुपारचं वारं सुटलं की माझे डोळे तुझ्या डोंगराकडे. त्या कठड्यावर रेलत जाऊ नकोस. लाकूड कधीचं आहे विचारलंस का?

तुझ्या खात्याची माणसं येऊन गेली. मुकादम भला माणूस. मला फोनवर ऐकू येत नाही, त्याला बहुतेक समोरासमोरही येत नसावं, कारण तुझ्याबद्दल मी एवढं बोलले आणि तो नुसता मान हलवत होता. मागच्या उतारावर झुडपांना तांबड्या चिंध्या बांधल्या, दुसरी माणसं येतील म्हणाला, पाणी प्याला, गेला.

आता आमच्या शेळीचं ऐक. बाईसाहेबांना हिरवा पाला चालत नाही, तांबडं कापड चालतं. दोन चिंध्या गिळल्या. पोटात गोळा होऊन मरायची एखादे वेळी! म्हणून मी घरामागच्या सगळ्या सोडवल्या. अठरा निघाल्या. धुतल्या, वाळवल्या, घडी घालून डब्यात ठेवल्यात. सरकारी कापड आहे, तू आलीस की साहेबाला मोजून दे. खाल्लेल्या दोन माझ्या नावावर लाव.

पोटाला नीट खा. तुझ्यावर माझा जीव आहे हे काय कागदावर लिहायचं?

तुझी,
आजी


ता. २ फेब्रुवारी

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र आज मिळालं. रसद आणणारी गाडी तीन आठवडे बंद पडली होती. वाचताना मी एकटीच हसत होते. शेळीपर्यंत आले आणि पत्र ठेवून आधी वायरलेस उचलला.

आजी, त्या चिंध्या म्हणजे खूण होती. जिथून चिंध्या जातात त्या ओळीनं आमची माणसं थंडीत, गवतावर दव असताना, मुद्दाम जाळून घेतात. त्याला जाळरेषा म्हणतात. मग उन्हाळ्यात वणवा आला तरी त्याला तिथं खायला काही उरत नाही. आजोबा दर हिवाळ्यात करायचे तेच. खूण करणारी माणसं वेगळी, जाळणारी वेगळी. मी वायरलेसवर मुकादमाला विचारलं. त्यानं वही काढून सांगितलं, सुताराच्या बांधापर्यंत जाळलं, पुढे ओढ्याच्या बाजूलाही जाळलं, मधे तुझ्या घरामागे चिंध्या नव्हत्या म्हणून सोडलं. जाळणाऱ्यांना वाटलं, घरच्यांनी नको म्हटलं असेल. काही लोक म्हणतात तसं.

म्हणजे सगळ्या उताराला कुंपण आहे आणि नेमकं तुझ्या घरामागे फाटक उघडं आहे.

आग चढावर धावते, आजी. दुपारी वारा दरीतून वर येतो आणि तिला ढकलतो. तुझं घर वर, गवत खाली. आजोबा गेले, मग जाळायला बंदी आली, ती उठायला बारा वर्षं गेली. बारा वर्षांचं गवत एकावर एक साचलंय. आणि कालपासून उन्हाळ्याची मनाई लागू झाली, आता कुणालाच जाळता येत नाही. माणसं मागितली, पण दोन ठिकाणी वणवे चालू आहेत, मोकळी झाली की पाठवतो म्हणाले.

तू सुताराकडे राहायला जा. मी येऊ शकत नाही, मनोरा रिकामा सोडता येत नाही. मी रागावले नाही.

तुझी,
भिंगरी


ता. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं पत्र मी या खेपेला कुणाला वाचून दाखवलं नाही. दोनदा वाचलं, मग मागच्या दारात जाऊन गवताकडे बघत बसले. रोजचंच गवत. पण आता ते माझ्याकडे बघतंय असं वाटतं.

माझ्या हातानं मी माझ्याच घराची खूण सोडून घडी घालून ठेवली! वर धुतली! सुताराला सांगितलं तर हसेल वाटलं, पण हसला नाही. विळे घेऊन बायकोसकट आला. ती बोलायला लागली की थांबत नाही, मला शोभेल अशी आहे. घराच्या पाठीशी आम्ही आठ हात रुंद पट्टा कापला, पाला खराट्यानं ओढून मातीचा रंग दिसेपर्यंत साफ केला. त्याच्या खाली पाय ठरत नाही इतका उतार आहे, तिथं गवत माझ्या खांद्याला लागतं.

झोपायला सुताराकडे जाते, दिवसा घरी येते. शेळी आहे, भांडीकुंडी आहेत, आणि तुझ्या आजोबांनी बसवलेलं मागचं दार आहे, ते मी कुणाच्या भरवशावर टाकू?

मी नऊ वर्षांची असताना वणव्याचा आवाज ऐकलाय. दिसायच्या आधी ऐकू येतो. खडी वाहणारी मोठी गाडी घाट चढत असावी तसा. आता मला धड ऐकू येत नाही, म्हणजे तो आवाजही येणार नाही, हे आज भांडी घासताना डोक्यात आलं आणि हातातलं भांडं पडलं.

आठ हात पुरतात का ते कळव. खोटं लिहू नकोस.

तुझी,
आजी


ता. २० फेब्रुवारी

ती. आजीस,

शि. सा. न. खोटं लिहिणार नाही. आठ हात पुरत नाहीत. एवढ्या गवताची ज्वाळा ते सहज ओलांडते. पण आठ हात म्हणजे शून्य नव्हे, तेवढं साफ ठेव, रोज झाड.

ऐकू येणार नाही तर वास घे आणि पाखरांकडे बघ. पाखरं एकदम खालून वर आली की कशालाही हात न लावता निघ. शेळीचं दावं सोड, ती आपली वाट शोधेल. दाराचं नंतर बघू. दार पुन्हा करता येतं.

मी रोज दुपारी दोनला तुझ्या बाजूला दुर्बीण लावते. घर दिसत नाही, मधे डोंगराची सोंड आहे. त्याच्यावरचं आभाळ दिसतं. ते निळं दिसलं की मी जेवते.

तुझी,
भिंगरी


ता. ९ मार्च

चि. भिंगरीस,

अ. उ. आ., आणि या खेपेला एकेक अक्षर पुरं समज. मी आहे. हातपाय आहेत. घर आहे. वायरलेसवर तुला कळलंच असेल, पण माझ्या अक्षरात बघितल्याशिवाय तू जेवायची नाहीस.

वणव्याच्या दिवशी मला पाखरं दिसायच्या आधी मुकादमाची गाडी दारात. मी म्हटलं, या, पाणी देते. त्यानं मला दंडाला धरून गाडीत कोंबलं. त्याआधी मी शेळीचं दावं तेवढं सोडलं, दार नाही बघितलं, तुझं ऐकलं. सुताराच्या ओट्यावरून मागे वळून बघितलं तर खालच्या दरीतून तपकिरी धूर, आणि त्याच्या पायाशी तांबडं, चालत नव्हतं, पळत होतं. मला आवाज आला, भिंगरी. या कानांना आला. सुताराच्या बायकोचा हात मी इतका आवळला की तिला वळ उठलेत. आणि ती एक शब्द बोलली नाही!

मुकादमानं नंतर सांगितलं. आमच्या आठ हातांच्या पट्ट्यावर उभं राहून त्याच्या माणसांनीच खालच्या गवताला काडी लावली. चढाला उलटी, खाली खाली जाळत नेली, वणवा पोचायच्या आत. दोन्ही आगी मधे भिडल्या आणि खायला काही उरलं नाही. पट्टा नसता तर उभं राहायला जागा नव्हती म्हणाला. मनाईचं मी विचारलं, तर म्हणाला, वणवा अंगावर आल्यावर मनाई आमच्यासाठी नसते.

ठिणग्या उडून मागचं दार गेलं. गोठा गेला. भिंत काळी ठिक्कर. शेळी दुसऱ्या दिवशी ओढ्याकडच्या जाळरेषेत सापडली, जिथं हिवाळ्यातच जाळलं होतं तिथं, काळ्या जमिनीच्या मधोमध उभी. तिला कळतं आणि मला नाही!

मुकादम म्हणाला, पहिला धूर तू कळवलास, आजीचं घर असून आवाज हलला नाही, पाढे म्हणावेत तशी दिशा सांगितलीस. मी सगळ्यांना सांगत सुटले. मग घरी येऊन रडले, कारण तो आवाज कसा धरला असशील ते मला ठाऊक आहे.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. साठ वर्षं मी चूल पेटवली. आता काडी ओढते आणि हात थांबतो. सुताराची बायको येऊन पेटवून देते, मी दुसरीकडे बघते. तिला वाटतं, गुडघा.

चिंध्यांचा डबा वरून काळा झालाय, आत अठराच्या अठरा तांबड्या आहेत. थंडी पडली की मीच बांधणार, मुकादमाला सांगून ठेवलंय. शेळीला आखूड दाव्यानं बांधीन. पण जाळरेषेची काडी ओढायला रजा काढून तू ये. मी तुझ्या मागे उभी राहीन, तुझा सदरा मुठीत धरून. मग घरात येऊन चूलही तूच पेटव, पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मी बघते.

कठड्यावर रेलू नकोस. माया आहे तिथंच आहे, जळण्यातली नाही.

तुझी,
आजी