सुटल्याची नोंद

४ मार्च, सोमवार

सुटला आणि घरी आला नाही! नालायक! आज समोर दिसता तर तुरुंगाच्या फाटकातच दोन थोबाडीत दिल्या असत्या.

नऊपासून तिथे उभी होते. डॉक्टरांना काय खोटं सांगून रजा काढली ते माझं मला माहीत. वकीलबाई काल म्हणाल्या होत्या, जामिनाचे कागद पोचलेत, उद्या सोडतील. दुपार झाली तरी याचा पत्ता नाही म्हणून खिडकीत विचारलं. आतला शिपाई रजिस्टर न उघडताच म्हणाला, "तो होय? तो केव्हाच गेला. आठलाच."

आठला! म्हणजे मी येण्याच्या आधीच. बहीण येणार हे माहीत असून याला तासभर थांबता आलं नाही!

घरी आले तर आई त्याचं ताट झाकून ठेवत होती. सांगितलं तर म्हणते, "कुणाला तरी पोचवायला गेला असेल. येईल."

हो ना! बाजारातही कुणाला तरी वाचवायलाच गेला होता. चौघे मिळून एका हमालाला मारत होते, हा वजनकाटा सोडून मध्ये पडला. पोलीस आले तसे सगळे पळाले — ज्याला मारत होते तोसुद्धा! धाकट्याचा डावा पाय लहानपणापासून आखूड. हा पळणार कसा? एकटा सापडला, आणि मारामारी याच्याच नावावर लागली. तेव्हापासून मी वकील, कोर्ट, जामीन करत फिरतेय आणि साहेब सुटल्यावर परस्पर गावभर हिंडतायत.

५ मार्च

आला नाही.

८ मार्च

बाजारात सगळ्यांना विचारून झालं. कुणी पाहिलेला नाही. फोन बंद.

पोलीस चौकीत गेले. तिथला हवालदार म्हणाला, "सज्ञान माणूस आहे बाई. सुटल्यावर कुठं जायचं ते त्याचं तो बघेल. घरी भांडण झालं होतं का?" म्हटलं, भांडण व्हायला तो घरी तर यायला हवा! त्यावर शांतपणे म्हणतो, "त्याची सुटल्याची नोंद आहे ना? मग हरवला कसं म्हणता?"

पुन्हा तुरुंगावर गेले. खिडकीतला शिपाई तोच. "सुटलेल्या माणसाची भेट इथे कशी मिळेल?" मागचे दोघे हसले. तळपायाची आग मस्तकात गेली.

१४ मार्च

वकीलबाईंनी सुचवलं म्हणून आज माहितीचा अर्ज दिला. त्या दिवशी तुरुंगातून कोण कोण सुटलं, किती वाजता, ओळख कुणी पटवली, सामान कुणी सही करून नेलं. सगळं मागितलंय.

अर्ज घेणारा एक चष्मेवाला आहे. "माहिती कशासाठी हवी?" म्हणाला. म्हटलं, "कारण सांगायची गरज नाही असं तुमच्या मागच्या भिंतीवर लिहिलंय." त्याने मान वळवून भिंत वाचली. पहिल्यांदाच वाचत असावा!

मग म्हणाला, "होऊन जाईल." हा स्वर मी ओळखते. दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर बसून मी दिवसभर दुसरं काय करते? "बसा हं, डॉक्टर येतीलच." डॉक्टर अजून घरी आंघोळ करत असतात. तेव्हा काही होणार नाही हे मला तिथेच कळलं.

२० मार्च

एका पेशंटने आज विचारलं, अजून किती वेळ? खरं सांगून टाकलं — तासभर. तो उठून निघून गेला. डॉक्टर माझ्यावर चिडले. चिडू देत.

१५ एप्रिल

उत्तर आलं. महिनाभर झोपा काढून हे उत्तर!

"मागितलेली माहिती सुटलेल्या व्यक्तीच्या खाजगी बाबींशी संबंधित असल्याने सदर व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय पुरवता येत नाही."

तीन वेळा वाचलं. ज्याचा ठावठिकाणा लागावा म्हणून अर्ज केला, त्याचीच सही घेऊन या म्हणतात! अरे, तो सही करायला असता तर मी तुमच्या दारात कशाला मरायला आले असते? आज यांना धाकट्याच्या खाजगी बाबींचा केवढा कळवळा! पकडून नेलं तेव्हा भर बाजारात त्याचा शर्ट फाटला होता, तेव्हा कुणी संमती विचारली नाही.

कागद टराटरा फाडला. मग वकीलबाईंचा फोन आला, अपिलाला तोच कागद जोडावा लागतो. आईने आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून तुकडे चिकटवले. आईला धड दिसत नाही, "खाजगी" उलटं चिकटवलं. राहू दिलं तसंच.

१६ एप्रिल

डॉक्टरांनी आज मलाच खुर्चीत बसवलं. "तोंड उघडा." मग म्हणाले, दाढा झिजल्यात, झोपेत दात खाता तुम्ही. वरचे-खालचे दात एकमेकांवर घासू नयेत म्हणून प्लास्टिकचं एक कवच बनवून देतो म्हणाले.

विचारलं, दिवसाचं काय?

२२ एप्रिल

अपील केलं. चिकटवलेला कागद बघून चष्मेवाला म्हणाला, "असा फाटका कागद चालत नाही." मी नुसती बघत राहिले. चालला.

२९ एप्रिल

सरकारी इस्पितळाच्या शवागारात जाऊन आले. तो नव्हता. आईला बाजारात गेले होते म्हणून सांगितलं.

३ मे

आई अजून त्याचं ताट झाकते. आज मी ओरडले तिच्यावर. अन्न फुकट जातं, आणि तो मजेत असेल कुठेतरी! ती म्हणाली, "शिव्या दे हवं तर. पण आधी शोध त्याला." मग तिने ताट माझ्यासमोर सरकवलं आणि मी ते जेवले. रडत रडतच जेवले. आता कुणी मला रागीट म्हणालं तर म्हणू दे. मी थांबले तर त्याला शोधणारं दुसरं कोण आहे?

१० मे

तुरुंगातून पत्र. सुटलेल्या कैद्याचं न नेलेलं सामान कोठीत पडून आहे, आठवड्यात घेऊन जा, नाहीतर टाकून देऊ. सामान तेवढं बरं सापडतं यांना!

११ मे

कोठीवाल्या शिपायाने फळीवरून धाकट्याचे बूट काढून दिले. डावा जाड तळाचा, उजवा साधा.

"हे इथे कसे?"

"आत घेतानाच काढून घेतो आम्ही. एवढा जाड तळ म्हणजे लोक काय काय लपवून आणतात."

म्हणजे इतके दिवस आत तो बुटाशिवाय होता! भेटीला जायचे तेव्हा जाळीपलीकडे बसलेलाच असायचा. एका शब्दाने बोलला नाही!

"आणि बाकीचं सामान?"

"घड्याळ, फोन, पट्टा, पाकीट सगळं नेलं की त्याने. बूट तेवढे राहू द्या म्हणाला."

बसमध्ये बूट मांडीवर घेऊन बसले. हा बूट झिजला की नवा तळ लावायला लहानपणापासून मीच त्याला बूटवाल्याकडे नेलंय. बूट दुरुस्तीला गेला की त्या दिवशी शाळा बुडायची. बुटाशिवाय तो नाक्यापर्यंत गेला तर दोन दिवस कंबर धरून बसतो. आणि हा माणूस घड्याळ नेतो, पट्टा नेतो, आणि बूट राहू द्या म्हणतो?

उतरायचा थांबा मागे गेला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. असं म्हणणारा धाकटा नव्हताच! दोन्ही पाय धड असलेला दुसराच कुणीतरी त्याच्या नावाने बाहेर पडलाय.

मग धाकटा कुठे आहे? एक तर आत आहे. दुसरं मी इथे लिहिणार नाही.

१३ मे

फाटकावर जाऊन सांगितलं, माझा भाऊ आत आहे, बघा. शिपाई म्हणाला, "नोंदीत सुटलाय." म्हटलं, नोंदीत नको, बराकीत बघा! "तसं बघता येत नाही." जेलर भेटले नाहीत. वकीलबाई म्हणतात, परवा अपिलाची सुनावणी आहे, तिथे जेलरला यावंच लागेल, तिथेच धरू.

दोन दिवस! दातांच्या त्या कवचाला आज भोक पडलं.

१५ मे

सुनावणी झाली. सगळं नीट लिहून ठेवते.

अपिलाचे साहेब मध्ये, एका बाजूला चष्मेवाला, एका बाजूला जेलर. जेलर म्हणाले, नोंदीप्रमाणे इसम सुटला आहे. साहेबांनी मान हलवली. चष्मेवाल्याने मान हलवली. मी पिशवीतून बूट काढून टेबलावर ठेवला.

"बाई, बूट खाली ठेवा."

"तुरुंगात फोन लावा, मग ठेवते."

वकीलबाईंनी बुटाचं सगळं सांगितलं. साहेबांना घरी जायची घाई असावी, म्हणाले, लावा हो फोन, मिटवून टाका. जेलरनी लावला. या नावाचा कुणी आत आहे का?

आहे. त्याच नावाचा एक. चोरीच्या गुन्ह्यातला, जामीन न मिळालेला.

"त्याचे पाय बघायला सांगा," मी म्हटलं.

पलीकडे कुणीतरी बघायला गेलं. चष्मेवाला उभाच राहिला होता. मग फोनमधला आवाज सगळ्यांना ऐकू आला — "साहेब, डावा आखूड आहे."

रडले नाही. ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही, ही वही कधी आईच्या हाती लागली तर? साहेबांनी मला थांबवलं नाही. जेलर बुटाकडे बघत बसले होते.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने आधी दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं. मग म्हणाली, "बूट पुसून ठेव."

१६ मे

आज जेलरच्या खोलीत खुर्ची मिळाली, चहासुद्धा! एकाच नावाचे दोघे एका बराकीत होते. त्या सकाळी नुसतं नाव पुकारलं, वडलांचं नाव कुणी विचारलंच नाही. दुसरा उठला, अंगठा दिला, सामान घेतलं, गेला. आता त्याला शोधताहेत.

चूक झाली म्हणाले. अडीच महिने! अडीच महिने मी खेटे घालत होते, आणि तो त्याच भिंतीच्या आत होता!

वर काय म्हणावं त्यांनी? "तुमच्या भावाने हाक ऐकून मुद्दाम ओ दिली नाही, असं निघालं तर मात्र अवघड आहे. दुसऱ्याला पळवायला मदत केली असं होतं. नवा गुन्हा लागेल, मग जामिनाचं विसरा. उद्या भेटा त्याला. काय म्हणतो ते विचारा आणि तुमचाही जबाब लिहून द्या."

वा रे वा! पुकारताना बापाचं नाव विचारायचं नाही यांनी, आणि गुन्हा त्याचा! आणि हाक ऐकून गप्प कोण बसेल? आपली सुटका दुसऱ्याला देऊन टाकेल असा वेडा जगात आहे का कुणी? हे सगळं उद्या तोंडावर सुनावणार आहे.

१७ मे

भेटला. बारीक झालाय. आधी बूट चढवले, नाड्या बांधल्या, उठून उभा राहून पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं.

"हाक ऐकू आली नव्हती ना तुला?"

दाराशी शिपाई होता. धाकटा हळूच म्हणाला, "आली. मी उठलो. तोही उठला. मग मी खाली बसलो."

"का रे?"

"त्याला शोधत कुणी आलं नसतं, ताई. मला तू होतीस."

हात उचलला होता मी. मारता आलं नाही.

जेलरच्या टेबलाशी बसून जबाब लिहिला. भाऊ त्या वेळी गाढ झोपेत होता, हाक त्याला ऐकू आली नाही. खाली सही केली, तारीख घातली, आणि नोंद करून एक प्रत मागून घेतली.